धूड सुरात लावलं

पियानो सुरात लावण्यात माझी तीस वर्षं गेली. बेसूर काही कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही. आमच्या इमारतीतल्या लिफ्टची घंटा बेसूर आहे म्हणून मी चार मजले जिन्याने चढतो.

ताई जॅझ वाजवते. त्या संध्याकाळी तिचा एकटीचा कार्यक्रम होता. उजवा हात पियानोवर आणि डावा भावजींनी घरी बनवलेल्या वाद्यावर. त्याला सदतीस पट्ट्या, आत सूर देणाऱ्या पोलादी जिभा आणि बाहेर कपाटाएवढं लाकूड. आम्ही त्याला धूड म्हणायचो. भावजी वाद्यं दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान पार गेले, आणि धूड त्यानंतरचं.

"तू फक्त पियानो बघ," ताईने सकाळी फोनवर बजावलं होतं. मला वाटलं, भावाचे कष्ट वाचवतेय.

सभागृहातला पियानो तासाभरात झाला. सहज म्हणून धुडाची एक पट्टी दाबली. पियानोवर तोच सूर धरला, तर दोन्ही एकमेकांवर आपटून वँव-वँव हेलकावे खायला लागले. सदतीसच्या सदतीस पट्ट्या तशाच! ठार बहिऱ्या माणसाने लावल्यावर दुसरं काय होणार? मी कानस काढली आणि चार तास जिभा घासल्या. शेवटचा हेलकावा मेला तेव्हा स्वतःवरच खूश झालो.

पाचला ताई आली. दोन्ही हातांनी तिने एकच सूर धरला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणी हात लावला याला?"

"मी. अगं, सगळंच बेसूर होतं. आता बघ कसं..."

"ते हेलकावे मुद्दाम ठेवले होते रे! बारीक कंप यांच्या हाताला कळत नाही. मोठे हेलकावे तेवढे लाकडातून तळव्यांना लागतात. दीड वर्ष एकेक जीभ घासत बसले होते. माझं वाजवणं त्यांच्यापर्यंत तेवढंच पोचतं."

मी कानस पुन्हा उचलली. "मी परत लावून देतो. मापं कुठे लिहून ठेवलीयत?"

"मापं कसली? हाताने बघून केलंय सगळं. आणि आता घासायला त्या जिभांत उरलंय काय?"

तेवढ्यात लोक यायला लागले. भावजी नवा शर्ट घालून आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मंचावर धुडाला खेटून ठेवलेल्या खुर्चीत बसले. ताईने माझ्याकडे पाहिलं. सांगायची हिंमत तिलाही झाली नाही आणि मला तर नाहीच नाही.

भावजींनी दोन्ही तळवे लाकडावर टेकवले, डोळे मिटले. ताई वाजवायला लागली. इतके स्वच्छ सूर मी आयुष्यात लावले नव्हते. मला ते ऐकवेनात.

भावजींनी बराच वेळ वाट पाहिली. मग डोळे न उघडताच, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "अगं, कर ना सुरू. लोक थांबलेत."