बशीतल्या पेशी

"सर, आता तरी बघा," अनुपमानं काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

मुलुंडच्या औषध कंपनीतल्या प्रयोगशाळेत ती झोपेचं औषध ट्यूमरच्या पेशींवर घालून पाहत होती. पेशी आक्रसल्या होत्या, केंद्रकांचे तुकडे पडले होते. औषध न घातलेल्या बशीतल्या मात्र खुशाल वाढत होत्या. दर वेळी श्यामकांत सर म्हणत, तुझ्या बशीत जंतू शिरलेत, पुन्हा कर.

आज त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मरताहेत खऱ्या. औषधानंच. पण प्रमाण बघ ना. माणसाच्या रक्तात एवढं चढलं तर गाठीआधी माणूस मरेल."

"कमी करून बघते."

"केलंस ना? काही झालं नाही. बंद कर हे आता."

बश्या धुताना तिनं एक इतकी जोरात आपटली की ती तडकली.

घाटकोपरच्या खोलीत शिरली तेव्हा वडील, अनंत, भिंतीकडे तोंड करून निजले होते. संपानंतर त्यांची गिरणीतली नोकरी सुटली आणि पाठोपाठ पोटात गाठ निघाली. झोपेसाठी डॉक्टरांनी त्याच औषधाची अर्धी गोळी दिली होती. तिनं हाक मारली, खांदा हलवला. ते नुसते कण्हले. उशाशी पाकीट जवळजवळ रिकामं होतं.

"आई, किती दिल्यास?"

"दोन दोन देते परवापासून," जानकी म्हणाली. "तूच सांगितलंस ना, ह्या गोळीनं गाठ मरते म्हणून?"

अनुपमा धावत खालच्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला. श्वास ठीक होता. आज गोळी देऊ नका, उतरेल, म्हणाले. ते गेल्यावर ती आईवर उसळली.

"अगं, ते बशीतलं होतं! गाठ मरण्याएवढी गोळी दिली तर आधी बाबाच मरतील."

बोलता बोलता ती थबकली. हे वाक्य तिचं नव्हतं.

जानकीनं पदरानं तोंड पुसलं. "मग त्या दिवशी घरी येऊन एवढी नाचलीस कशाला गं?"

अनुपमा पाकिटाचा कागद दुमडत राहिली.

दिवेलागणीनंतर अनंतांनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती.

"अनू... सायबान बघल्यान?"

"बघितलं, बाबा."

"मगे? मेले ते?"

तिनं आईकडे पाहिलं.

"मेले. सगळे."

"झकास," ते म्हणाले आणि पोटावर हात ठेवून पडून राहिले.

जानकी काहीतरी बोलणार होती. ती उठली आणि तिनं अनुपमाचं ताट वाढायला घेतलं.