मादाम कालामचा सहा

मी स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँमध्ये बस चालवतो आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांची जुनी घड्याळं जमवतो. माझ्याकडे नऊ आहेत. त्यातलं सगळ्यात दुर्मिळ १९६१चं. आमच्याच गावच्या, पुढे बंद पडलेल्या एका कारखान्यानं जवळच्या सरोवरातल्या बचाव पथकासाठी अशी फक्त साठ केली होती. सात वर्षं शोधल्यावर मला ते मिळालं. घड्याळजी युलिस ड्युकोमाँनं भिंग लावून ते तपासलं आणि ‘डायल मूळचं’ असं लिहूनही दिलं.

मार्चमध्ये एका सकाळी इस्पितळाच्या थांब्यावर मादाम नेली कालाम चढल्या. एकोणनव्वद वर्षांच्या. पास दाखवता दाखवता त्यांनी ते घड्याळ घातलेलं माझं मनगटच धरलं.

“हा सहा माझा आहे.”

“काय म्हणालात?”

“आकडा रे. अंधारात चमकणारे आकडे मी घरी बसून रंगवायचे, तीस वर्षं. हा माझा हात आहे.”

मला केवढा आनंद झाला! पण उतरताना त्या म्हणाल्या, “चौऱ्याहत्तरमध्ये बर्फावर घसरले, अंगठा मोडला. तेव्हापासून माझ्या सहाचं खालचं गोल पोट डावीकडे कलतं. याचंही कललंय बघ.”

एकसष्टच्या घड्याळावर चौऱ्याहत्तरनंतरचा आकडा? त्या दिवशी मी दोन थांबे विसरलो.

संध्याकाळी युलिसकडे गेलो. तो हसला. “अरे गिल्बेर, काल काय जेवली ते त्या बाईला आठवत नाही, आणि तू तिचा अंगठा घेऊन बसलायस?”

तरी भिंगातून पाहिलं की सहाचं पोट मला डावीकडे दिसायचं. चष्मा पुसला की सरळ. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, “मला तर तो आठ वाटतोय.”

शेवटी शाळेतल्या शिक्षकाकडून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र आणलं. एकसष्ट साली रंगात रेडियम असायचं, आणि त्यावर यंत्र टकटक करतं. नंतरच्या रंगावर ते गप्प राहतं. घड्याळावर धरलं, तर यंत्र ताशासारखं वाजायला लागलं! म्हणजे रंग जुना, म्हातारी चुकली. त्यांनाही कळू दे म्हणून मी त्यांच्या घरी गेलो.

“वाजणारच,” कॉफी ओतत त्या म्हणाल्या. “खालचा रंगही माझाच आहे ना, एकसष्टचा. पाणी शिरून तो काळा पडला होता. खरवडायचा कंटाळा आला, म्हणून त्यावरच नवा दिला.”

“म्हणजे दोन्ही वेळा तुम्हीच?”

“मग काय शेजारीण येणार होती? ड्युकोमाँचा पोरगा आणून द्यायचा डायलं. शीळ घालत यायचा मेला.”

मी तसाच युलिसच्या दुकानात शिरलो आणि मादाम काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

“नेलं असेल मी,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो, हेच होतं का, ते आठवत नाही. पाणबुडे यायचे, खाली गेल्यावर आकडे दिसत नाहीत म्हणायचे. दिसायला लागले की खूश होऊन जायचे. पुढे तुझ्यासारखे वेडे जुना काळा आकडा शोधत फिरतील, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?”

“पण तू लिहून दिलंस, मूळचं म्हणून!”

“डायल मूळचंच आहे. रंगवणारा हातही मूळचाच. मग मी खोटं काय लिहिलं, सांग.”

त्याच्यावर चिडावं की नाही, हेच कळेना.

ऑक्टोबरमध्ये संग्राहकांचा मेळावा होता. घड्याळापुढे चिठ्ठी लावायची असते: मूळ, की पुन्हा रंगवलेलं. मी ‘मूळ’ लिहिलं आणि खोडलं. ‘रंगवलेलं’ लिहिलं, तेही खोडलं. एक जण म्हणाला, सरळ रंगवलेलं आहे. दुसरा म्हणाला, त्याच बाईनं दुरुस्त केलं तर ते मूळच. दोघं इतके भांडले की शेवटी संयोजक मला म्हणाले, “तुमचं ठरलं की आणा.” मी घड्याळ हातात चढवलं आणि घरी आलो.

ते विकलं नाही. रोज तेच घालून बस चालवतो. युलिसशी बोलतो, पण डायलांविषयी नाही.

मादाम कालाम भेटल्या की विचारतात, “बाकीची आठ कधी आणतोस? बघते ना एकदा.”

“आणतो, मादाम,” म्हणतो मी. अजून नेलेली नाहीत.