वहीत नसलेलं नाव

बुधवारी सकाळी भडगावच्या घरी पुष्पाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. सून किरण, सातवा महिना लागलेली, हंडा उचलायला वाकली आणि भिंतीला टेकून खाली बसली. पुष्पाबाईंनी तिला उजेडात नेऊन पाहिलं. डोळे पिवळे झाले होते.

"कावीळ शे," त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकर करपली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

त्यांचे यजमान मोतीलाल मास्तर यांनी लगेच फर्मान काढलं, काविळीचं औषध देणाऱ्या बन्सीलालकडे जायचं. मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. प्रयोग, निरीक्षण, अनुमान म्हणताना पोरगं अडखळलं की हातावर छडी बसायची. एवढी विद्या पाजळून हे गृहस्थ घरच्या दुखण्याला सोनगीरपलीकडे बन्सीलालच्या ओट्यावर जाऊन बसत. बन्सीलाल रोग्याच्या हाताला कसलीशी साल चोळायचा, मग हात चुन्याच्या पाण्यात धुवायचा. पाणी पिवळं व्हायचं आणि शिकलीसवरलेली मंडळी माना डोलवायची. निरोगी माणसाच्या हातांना तीच साल चोळून ते धुऊन पाहावेत, एवढी अक्कल त्या गर्दीत एकालाही नव्हती.

नवल, म्हणजे किरणचा नवरा, गाडी पुसत असताना गल्लीतली प्राची आली. ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. जळगावात तिचं काम असं की एखाद्या उपचारावर जगभर झालेले सगळे अभ्यास शोधायचे, फसलेले आणि दडपलेलेसुद्धा, कच्चे बाजूला काढायचे आणि मग गुण खरंच येतो का ते ठरवायचं.

"सर, तिला आधी जळगावच्या दवाखान्यात न्या. पुष्कळांची कावीळ आपोआप उतरते, पण गरोदरपणातली जिवावर बेतू शकते."

"बन्सीलालच्या वहीत बरे झालेल्यांची चार हजार नावं आहेत," मास्तर म्हणाले. "यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?"

"तुम्ही वर्गात दोन रोपं आणायचात. एक उन्हातलं, एक कपाटातलं. कपाटातलं सुकलं म्हणून फेकून दिलं असतंत आणि हिरवंच दाखवलं असतंत, तर आम्ही काय शिकलो असतो? बरे झालेले नारळ घेऊन येतात, वहीत नाव लिहितात. गेलेल्यांची नावं कुठे आहेत?"

"दोन बुकं जास्त शिकलीस म्हणून मला शिकवतेस?" मास्तरांनी पायात चपला सरकवल्या. नवल बापापुढे कधी बोलला नव्हता. त्यानं फडकं टाकून गाडी काढली. त्या घरात बाईच्या जिवाची किंमत तेवढीच होती.

गाडीत किरणचं डोकं मांडीवर घेऊन पुष्पाबाई बसल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची लेक सपना, एकोणीस वर्षांची, याच औषधावर गेली होती. एकवीस दिवसांचं पथ्य होतं, त्यात ताकही वर्ज्य. पोरीनं घोटभर ताक मागितलं, आईनं चोरून दिलं. पाचव्या दिवशी पोर गेली. पथ्य मोडलं म्हणून गेली, असं सगळ्यांनी सांगितलं. मास्तरांनीही तेच सांगितलं. ते ताक आपण दिलं, हे पुष्पाबाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ओट्यावर गर्दी होती. बन्सीलालनं कौतुकानं जाडजूड वही पुढे सरकवली.

"सपनानं नाव दखाड," पुष्पाबाईंनी वहीत लेकीचं नाव दाखवायला सांगितलं.

"तिनी पथ्य मोडं व्हतं, अक्का. तिनं नाव कसं ऱ्हाई?"

"ताक मी दिधं व्हतं. मन्हा हातघाई." त्यांनी आपला हात पुढे केला. मास्तर वळून पाहू लागले, तशा त्या त्यांच्याकडेही बघून बोलल्या. "नऊ साल मी सोताले खुनी समजनू. जगना ते तुन्हा औषधघाई, आन मरना ते पथ्य मोडीसन. मंग तुन्हं औषध चुकस तरी कधय?"

रांगेतली एक बाई डोळ्याला पदर लावून उठली. बन्सीलाल वही मिटू लागला, पण पुष्पाबाईंनी वहीवर हात ठेवला.

"मास्तर शेतस ना तुम्ही? मले लिखता येत नई. लिखा."

सगळं गाव ज्याला सर म्हणतं, त्या माणसाला तीन शब्द लिहायला घाम फुटला. चार हजार नावांखाली त्यांनी लिहिलं: सपना मोतीलाल, मृत.

पुष्पाबाईंनी किरणला उठवलं. "नवल, गाडी जळगावले ले."

धुळ्याच्या पुढे पारोळ्याला गाडी थांबली. दवाखाना अजून तासाभरावर होता. पुष्पाबाई टपरीवर उतरल्या आणि ताकाचा ग्लास घेऊन आल्या. मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो सुनेच्या हातात दिला.

"पी बेटा," त्या म्हणाल्या.