बारावा प्रश्न

टेलेसियाने अकराव्या उत्तरावर लाल फुली मारली आणि मग ते उत्तर वाचलं. सहावीच्या तीस पेपरांनंतर हाताला सवयच लागली होती. ‘चावी’ हा शब्द दिसला की बरोबर, नाही दिसला की फुली.

उतारा छोटाच होता. एक माणूस डोक्यावर कोट ओढून बंद दारापुढच्या पायरीवर बसला आहे. खिसे चाचपतो आहे. खिडकीचा पडदा हलतो. तो बाहेर का बसला असावा? उत्तरसूचीत एकच ओळ होती: चावी हरवली.

पेपर फुआतिनोचा होता. तिने लिहिलं होतं: ‘त्याच्याकडून मोठी चूक झाली आहे. तो माफी मागायला बसला आहे. पुरावा: त्याने डोकं झाकलं आहे. पडदा हलला, म्हणजे आतल्यांनी त्याला पाहिलं आहे.’

“अख्ख्या गावात कुलूप एका दुकानाला,” हेडमास्तर वाकून बघत हसले. “पोरांना चावी सुचणार कुठून? पण सूचीत चावी, तर चावीच. सोमवारी लिफाफा गेला पाहिजे हं, टेलेसिया.”

गेल्या शनिवारी फुआतिनोचा बाप असाच बसला होता, टेलेसियाच्या भावाच्या, पेटेलोच्या घरापुढे, पहाटेपासून, डोक्यावर विणलेली चटई घेऊन. त्याच्या थोरल्या मुलाने दारू पिऊन पेटेलोच्या मुलावर गाडी घातली होती आणि टेलेसियाचा तो भाचा अजून राजधानीत, आपियाच्या इस्पितळात पाय टांगून पडला होता. घरच्यांनी चटई उचलली की माफी झाली. पेटेलोने ती दुपारपर्यंत उचलली नाही. शेवटी तो माणूस चटई गुंडाळून घरी गेला. उद्या तो पुन्हा येणार, हे गावाला ठाऊक होतं. बहिणीने शब्द टाकला तर भाऊ मोडत नाही, ही इथली रीत. टेलेसियाने शब्द टाकला नव्हता. तिलाही राग होता, आणि तो खोटा नव्हता. त्या दिवशी ती पेटेलोच्याच घरात बसून पावाला लोणी लावत होती.

तिने अंगण झाडणाऱ्या फुआतिनोला हाक मारली.

“पडदा मांजराने हलवला नसेल कशावरून?”

“मांजर लिहिलेलंच नाही बाई. तुम्हीच सांगता ना, जे लिहिलंय त्यातूनच शोधा.”

“बरं. मग आतले काय करत असतील?”

पोरीने झाडू या हातातून त्या हातात घेतला.

“चहा पीत असतील.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर रागावून मोकळं होता आलं असतं. टेलेसियाने पान उलटलं.

“आणि बारावा कोरा का? पुढे काय होईल, एवढंच तर लिहायचं होतं. दोन मार्क गेले. आता वाचनात कच्ची म्हणून धाकट्या वर्गाच्या चटईवर बसून त्यांची पुस्तकं वाचायचीत का परत?”

“नाही बाई.”

“मग?”

“मी लिहिणार होते. पण आत कोण आहे ते उताऱ्यात नाहीच. माणसं कशी आहेत ते कळल्याशिवाय पुढचं कसं लिहू?”

बाहेर पोरं पाचोळ्यावरून भांडत होती. टेलेसियाने अकराव्यावरची फुली खोडली, शेजारी पूर्ण मार्क दिले आणि पेनाला टोपण लावलं.

“बारावा सोमवारी लिही. इथे, माझ्यासमोर.”

“पण परीक्षा तर झाली ना बाई?”

“सोमवारी म्हटलं ना. जा, झाड नीट. कोपरे सोडू नकोस.”

पोरगी गेली. टेलेसियाने बाकीचे पेपर लिफाफ्यात भरले. फुआतिनोचा तेवढा घडी करून पिशवीत टाकला आणि ती फाटकातून डावीकडे वळली.

“अगं, घर उजवीकडे तुझं!” हेडमास्तरांनी मागून हटकलं.

“पेटेलोकडे जाते,” ती म्हणाली. “त्याच्याशी बोलायचंय, उद्या उजाडायच्या आत.”