हौसाने परत केलेली सुपारी

लग्नसराईत हौसाच्या दाराला कडी म्हणून लागत नसे. ती धवलारीण होती. खारबावच्या अलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात आगऱ्यांचं कुठलंही लग्न तिच्या गळ्याशिवाय पार पडत नव्हतं. भटजी आता सगळेच बोलावतात, पत्रिकेत मुहूर्तही त्याचाच छापतात. पण देवांना मांडवात बोलावणारे, नवरानवरीचं नाव घेऊन त्यांना हळद चढवणारे धवले धवलारणीनेच गायचे. हौसाचा नवरा तरणाच गेला, पोटी मूलबाळ नाही. तरी मांडवात पहिला पाट तिचा असे आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

२००६ सालच्या फेब्रुवारीतली सकाळ. हौसा अंगणात चटईवर जवळा वाळत घालत होती, कावळ्यांना शिव्या घालत होती. तेवढ्यात केसरीनाथ आला. गावकीत त्याचा शब्द शेवटचा. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, हातात ताट. ताटात नारळ, साडी आणि पानावर ठेवलेली सुपारी.

हौसाने पदराला हात पुसले आणि सुपारी उचलून कपाळाला लावली. गावची रीतच तशी. धवलारीण आधी सुपारी घेते, मग नावं विचारते. नावं ऐकून सुपारी घेणं म्हणजे घराघरांत भेद केल्यासारखं. आणि एकदा घेतलेली सुपारी परत करायची नाही, त्या घराला ते लागतं म्हणतात.

"बोला शेट, नवरा कोन, नवरी कोन?"

"नवरा आमचा मनोज," केसरीनाथ म्हणाला. "नवरी तुजी निशा."

हौसाच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

निशा तिची भाची, धाकट्या भावाची, रघूची मुलगी. आई लवकर गेली, तेव्हापासून हौसानेच तिला न्हाऊमाखू घालून मोठी केली. विसाव्या वर्षी ती महामार्गालगतच्या एका गोदामात पॅकिंगला लागली. मनोज तिथला सुपरवायझर, केसरीनाथाचा पुतण्या. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी माल तपासायचाय म्हणून त्याने निशाला मागच्या खोलीत बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार केला. निशा घरी गेली नाही, आत्याकडे आली. हौसाने रघूची वाट पाहिली नाही. ती पोरीला रिक्षात घालून थेट पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या साहेबाने पहिलं वाक्य काय बोलावं? "मावशी, गावात बसून मिटवता येत नाही का?" तक्रार लिहून घेईपर्यंत हौसा तिथल्या बाकड्यावरून हलली नव्हती.

मनोजला अटक झाली. पुढे जामीन मिळाला, तेव्हा त्याला आणायला मोटारसायकलींची रांग गेली. आणि इकडे रघूला हळदीची आमंत्रणं येईनाशी झाली. ज्याने गुन्हा केला त्याच्या ओटीवर माणसांचा राबता, आणि जिच्यावर झाला तिच्या बापाशी कुणी बोलेना. आपल्या समाजाची ही तऱ्हा.

"पुढच्या महिन्यान ठान्याच्या कोर्टान तारीख हाय," केसरीनाथ चटईच्या कडेला टेकत म्हणाला. "त्याच्या आधी लगीन उरकू. मंग पोरगी कोर्टान सांगल का गैरसमज झाला. तू पन तेच सांग, तुजी पन साक्ष हाय. पोरीचा आयुष्य मार्गी लागल, तुजी भाची तुज्याच गावान ऱ्हाईल."

"रघूला सांगितलाव?"

"त्यानंच होकार दिलाय. तुलजाचा बग ना. तिचा पन असाच मिटवला होता आपुन. झाला का न्हाय संसार?"

केसरीनाथ गेला. जवळा चटईवर तसाच राहिला. कावळे उतरले, हौसाने हाकललेही नाहीत. कायद्यात हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पण साक्षीदारच उलटले तर न्यायाधीश तरी कशावरून शिक्षा देणार? गावकीला हे पक्कं ठाऊक होतं. मंगळसूत्रासारखी सोपी पळवाट दुसरी नव्हती.

हौसाचा पाय घरात ठरेना. चुलीवरचा भात करपला, तिने तो उतरवला आणि न जेवताच रघूकडे निघाली. अर्ध्या वाटेवरून परत फिरली, कडी लावली का ते पाहिलं, पुन्हा निघाली.

रघू यंत्रमागाचं कापड वाहणारा टेम्पो चालवायचा. तो टेम्पोखाली घुसून काहीतरी खटपट करत होता. बहिणीला पाहूनही बाहेर आला नाही.

"तू हो बोललास?"

"मंग काय करू?" गाडीखालून आवाज आला. "सगला गाव एकीकडं, मी एकीकडं. चहाच्या टपरीवर गेलो तर मानसा उठून जातान. उद्या मी मेलो तर खांदा द्यायला चार जना येतील का, सांग मना."

"पोरीला विचारलास?"

गाडीखाली पान्याचा आवाज तेवढा वाढला.

निशा आत भिंतीला टेकून बसली होती. पूर्वी ही पोर बोलायला लागली की हौसाला कानावर हात ठेवावे लागत. आता एकेक शब्द ओढून काढावा लागे. हौसा तिच्यासमोर बसली, उठली, पाणी प्याली, पुन्हा बसली.

"तुना पायजे ह्यो लगीन?"

"मी हो बोलले, आते."

"कवा?"

"बाबा रडले तवा." निशाने मान वर केली. "त्यांना रडताना कवा बघितलाच नव्हता मी."

"मी तुना विचारतंय. तुना पायजे का?"

निशाचा आवाज एकदम चढला. "रातीला कोनी कडी वाजवली तरी माजा जीव घाबरा होतंय. आन त्याच मानसाच्या घरान जाऊन मी आतून कडी लावू? मना पायजे का न्हाय, ह्यो आज पयल्यांदा कोनी विचारतंय, आते. तू पन आजच विचारतंस."

हौसाला ते झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं.

तिथून ती तळ्यावर गेली. तुळजा धुणं धूत होती. तुळजाचं लग्न हौसाच्या सासूने गायलं होतं. त्याच माणसाशी, ज्याच्याविरुद्ध तिने पोलिसात तक्रार दिली होती. गावात कुणाचंही असं प्रकरण निघालं की तिच्या संसाराचा दाखला दिला जाई. तिला स्वतःला मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

"तुलजा, एक विचारू? रागावू नको."

तुळजाने निशाच्या ठरलेल्या लग्नाचं सगळं ऐकून घेतलं. हातातली चादर पिळता पिळता ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं.

"नवरा केसमधून सुटला ना, त्या दिसापासून बोलतोय, मी तुज्यावर उपकार केले. सासू मरेपरत तेच बोलायची. आता पोरगा मोठा झालाय. परवा भांडनात तो पन बोलला, बापानं तुज्यावर उपकार केले." तिने चादर दगडावर आपटली. "इतकी वर्सा उपकार फेडतंय मी. निशाला सांग, माजा नाव घेऊन कोनी लगीन लावत असल तर मना आधी विचारा म्हनावा."

हौसाने आता मागेपुढे पाहिलं नाही. घरून साडी-नारळ उचलून ती थेट केसरीनाथाच्या अंगणात गेली. तिथे मांडवाचे बांबू येऊन पडले होते, पाहुणे बसले होते. तिने कनवटीची सुपारी काढली, साडी-नारळाबरोबर ओटीवर ठेवली.

"ही तुमची सुपारी. ह्या लग्नाला मी गानार न्हाय."

बसलेल्यांपैकी एकाच्या हातातला चहा बशीत सांडला. केसरीनाथ आधी हसला. "हौसा, घेतलेली सुपारी परत करतंस? आमच्या घराला लागल."

"लागू द्या. जे तुमच्या पोऱ्यानं केला ते आमच्या घराला लागला तवा कोनाला काय वाटला न्हाय."

"एक तूच हायेस का? खारबावची गोदू येईल गायला. आन मंग तुला बाकीच्या मांडवान कोन बोलावतंय ते बगतो."

ती धमकी पोकळ नव्हती. गाणं गेलं की हौसाकडे उरलं काय? विधवेला मांडवात पाट मिळत होता तो गळ्यामुळे. घरी येताना, हे सगळं आपण कशाला ओढवून घेतलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण गोदूचं नाव ऐकल्यापासून डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. उन्हं कलायच्या आत तिने रिक्षा गाठली. रिक्षावाला नूर मोहम्मद ओळखीचा.

"मौसी, सीधी बैठो ना. दस बार बाहर झांकोगी तो क्या खारबाव जल्दी आएगा?"

खारबावची गोदू तिच्याहून वयाने मोठी, तोंडाने फटकळ. एका मांडवात आधी कोण गाणार यावरून दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. गोदू ओटीवर लसूण सोलत होती. हौसाला पाहून तिने पाटही सरकवला नाही.

"वाट चुकलीस का गो?"

हौसाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गोदूचे हात लसणावर चालूच होते.

"मना सुपारी आयली तर मी घेनार. आपला काम गायचा हाय, चौकशी करायचा न्हाय."

"मी पन आजपरत तेच बोलायची," हौसा म्हणाली. "पन गोदू, धवल्यान आपुन देवांना बोलावतो, का या, ह्या पोरीचा चांगला होऊ दे. ह्या मांडवान देवांना काय सांगू? ज्या हातानं तिची इज्जत लुटली त्याच हातान तिचा हात द्या?"

"पोरगी काय बोलतेय?"

"बापासमोर हो बोलते. माज्यासमोर बोलते, त्या घरान मी कडी कशी लावू."

गोदूने लसणाचं सूप बाजूला ठेवलं. डोळे पुसले, पण लगेच खेकसली, "लसून लय उग्र हाय औंदा." मग पाट सरकवला. "बस. चहा घे. पडघ्याकडं माजी भैन गाते, तिला मी सांगतंय. दिवा गावाकडं कोन गाते तिला तू सांग. एकीनं नाय बोलून काय उपयोग, बाय?"

पुढचे दिवस हौसा एका जागी टेकली नाही. या वाडीवरून त्या वाडीवर, रिक्षाने, एसटीने, पायी. एकदोघींनी दार लावून घेतलं. एकीने तर तोंडावर सांगितलं की मला माझ्या गावात राहायचंय. पण केसरीनाथाची माणसं जिथे जिथे सुपारी घेऊन गेली, तिथे बहुतेक ठिकाणी ती ताटातच राहिली. जी एक तयार झाली होती, तिनेही आदल्या दिवशी घसा बसल्याचा निरोप पाठवला. भटजीवर भागवू, असं केसरीनाथ म्हणाला, तेव्हा मनोजच्या आईनेच नकार दिला. धवल्याशिवाय लागलेलं लग्न ती मानायला तयार नव्हती. मुलाने काय केलं हे मात्र ती बाई निमूट मानून बसली होती. मुहूर्त गेला. बांबू परत गेले.

रघूने बहिणीशी बोलणं सोडलं. हौसाला त्या सराईत पुढे एकाही मांडवाचं बोलावणं आलं नाही.

तारखेला ती निशाला घेऊन ठाण्याच्या कोर्टात गेली. व्हरांड्यात समोरच्या बाकावर केसरीनाथ आणि त्याची माणसं. त्यांच्याच शेजारी, मान खाली घालून, रघू. ते पाहून निशाने आत्याचा हात घट्ट धरला. सरकारी वकील घाईघाईने आले, फाईल काखेत.

"मिटलंय ना तुमचं? मिटलं असेल तर आत्ताच सांगा, उगाच वेळ जायला नको."

गाऊन सरकारचा, प्रश्न मात्र गावकीचा. हौसा तोंड उघडणार तोच निशा बोलली.

"न्हाय मिटला. आन मिटायचा पन न्हाय."

वकिलांनी चष्मा सारखा करून प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. मग आत चल. घाबरू नकोस, दार बंद असतं. समोरचं माणूस काहीही बोललं तरी जे घडलं तेवढंच सांग."

दार बंद झालं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. हौसा बाकावर बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. पोलीस शिपायाने दोनदा हटकलं. पोरीचा आवाज फुटेल ना? मध्येच रडली तर? ऐन वेळी बापाचा चेहरा आठवला तर? समोर केसरीनाथ मात्र पाय हलवत शांत बसला होता. पुष्कळ पोरी आत जाऊन गप्प झालेल्या त्याने पाहिल्या होत्या.

दार उघडलं. निशा बाहेर आली. चेहरा पांढरा, ओढणी घामाने भिजलेली.

"सगला सांगितला, आते," ती म्हणाली. "नाव पन घेतला."

मग रघू त्या बाकावरून उठला. व्हरांड्याची तेवढीशी रुंदी ओलांडायला त्याला फार वेळ लागला. त्याने हातातली पाण्याची बाटली मुलीपुढे धरली.

केसरीनाथ मागून आला. आवाज अजून गोडच होता. "रघू, विचार केलास का? चार गावान नाव झाला. आता हिच्याशी लगीन कोन करल?"

रघूने उत्तरासाठी बहिणीकडे पाहिलं. पण निशानेच पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावलं.

"काका, मी हितं नवरा शोधायला न्हाय आयले," ती म्हणाली. "जेवून परत आत जायचाय. तुमचा वकील मना प्रश्न विचारनार हाय. तुमी बसा, तुमच्या मनोजला काय शिक्षा होते ती बगायला."