सुटे बंध

परांची बांधणाऱ्याला कामावर सगळे भिंग म्हणत. एकेक नट तो असा न्याहाळायचा, जणू मुलीसाठी स्थळ बघतोय. आणि नेमक्या त्याच्याच परांचीचे बंध हल्ली रोज सकाळी सुटलेले सापडत होते.

बंध म्हणजे परांचीला इमारतीशी जखडून ठेवणारे आखूड पाइप. एक टोक परांचीला, दुसरं भिंतीतल्या हुकाला. ते सुटले की एवढा उंच लोखंडी सांगाडा नुसता स्वतःच्या पायांवर उभा राहतो. सगळ्यात वरच्या फळीवर प्लास्टर करत होता भिंगाचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच भिंगाला वाढवलं होतं. त्याला काही झालं असतं तर भिंगाला घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

भिंग मुकाट्यानं रोज सगळे बंध पुन्हा आवळायचा, मग खाली 'चढायला हरकत नाही' अशी हिरवी पाटी लावायचा आणि कुणालाच काही बोलायचा नाही. चोर सावध झाला असता ना. चोर कोण, याबद्दल मात्र त्याच्या मनात शंका नव्हती. साडूच. हे परांचीचं काम साडूला हवं होतं, मिळालं भिंगाला. साडू आता त्याच इमारतीच्या खिडक्या बसवत होता. पाना कायम खिशात, आणि भिंग दिसला की गालातल्या गालात हसणं. आधी तो हसला की भिंगाला बरं वाटायचं, आता तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी भिंगानं ठरवलं, आज रंगेहाथ पकडायचं. सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. बंध सुटलेलेच होते. त्यानं एकालाही हात लावला नाही, कालची हिरवी पाटीही तशीच राहू दिली आणि वरून दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सिमेंटच्या पोत्यांआड दबा धरून बसला. काम सुरू व्हायच्या आत सोक्षमोक्ष लागेल, असा त्याचा हिशोब. हा मूर्खपणा होता, पण संशयानं पछाडलेल्या माणसाला ते सांगणार कोण?

थोड्या वेळानं खिडकीबाहेरच्या फळीवर साडू आला. थांबला. इकडेतिकडे बघितलं. खिशातून पाना काढला आणि बंधावर वाकला. भिंगानं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"सापडलास."

"अरे, सोड. हा सुटलाय, आवळतोय मी."

"आवळतोयस? मला शेंड्या लावतोस?"

"पाना कुठल्या बाजूला फिरतोय ते तरी बघ."

भिंगानं बघितलं. पाना आवळायच्याच बाजूला होता. तेवढ्यात डोक्यावर कप्पी कुरकुरली आणि सबंध परांची भिंतीपासून हातभर लांब जाऊन पुन्हा आपटली. दादा लवकर आला होता. वर मालाची बादली ओढत होता.

खिडकीतून मान काढून भिंग शांत आवाजात म्हणाला, "दादा, दोर सावकाश सोड. बादली जाऊ दे खाली. मग खिडकीतून आत जा. घाई करू नकोस."

दादानं ऐकलं. तो आत उतरल्याचा आवाज आला, तेव्हा साडूच खिडकीतून आत येऊन भिंगाला धरून उभा होता.

दादा जिना उतरून आला. चेहरा पांढराफटक. "हलली कशी रे ही?"

"बंध सुटलेत. कुणीतरी रोज सोडतंय."

"मीच सोडतो की संध्याकाळी," दादा म्हणाला. "प्लास्टरवर लांब पट्टी फिरवताना मध्ये येतात. मध्ये अडली की भिंतीला लाट पडते. सकाळी तू सगळं आवळतोसच, म्हणून पुन्हा लावायच्या भानगडीत पडत नाही. आज बघितलं नाहीस?"

साडूनं मान फिरवली. भिंगाला खोटं बोलायचं होतं, पण दादासमोर कधी जमलं नव्हतं.

"बघितलं होतं," तो म्हणाला. "चोर पकडायचा होता, म्हणून तसेच ठेवले."