पाचव्या गाण्यातला आवाज

टिटवीला हे नाव घरच्यांनीच ठेवलं होतं, कारण ती तान्ही असताना रडायला लागली की शेजारचे काय झालं म्हणून बघायला यायचे. पुढे गाण्याच्या कार्यक्रमांतही तेच चिकटलं आणि आता पहिल्या अल्बमवरही तेच छापलं जाणार होतं. रेकॉर्डिंग संपलं होतं. अल्बमचे संगीत संयोजक, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांनी एका दुपारी तिला कच्चं मिक्सिंग ऐकायला स्टुडिओत बोलावलं.

पहिली चार गाणी ऐकताना ती खुशीत पाय हलवत बसली होती. पाचव्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तिचा पाय थांबला. ती चढी ओळ रेकॉर्डिंगच्या वेळी तिला एका दमात कधीच जमली नव्हती. मध्येच श्वास तुटायचा, वरचा सूर थरथरायचा. इथे मात्र ओळ सरळ चढली, वर निवांत टेकली आणि अलगद खाली आली.

तिने ती पुन्हा लावायला सांगितली. दादा म्हणाले, श्वास आपण कापून टाकतो, सूरही मशीनवर सरळ करतो, हल्ली सगळेच करतात. त्यात खोटं काही नव्हतं. पण हे सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आणि शेजारी बसलेला रेकॉर्डिस्ट, एरवी फालतू विनोद सांगून डोकं खाणारा माणूस, एकदम मन लावून वायरी गुंडाळायला लागला.

घरी जाताना ती ओळ तिच्या डोक्यातून जाईना. सूर मशीनवर सरळ होतो, कबूल. पण त्या ओळीतल्या ‘वेळ’ शब्दातला ‘ळ’? तो इतका जीभ दुमडून, चवीने ती कधी म्हणत नव्हती. घरात तसा ‘ळ’ म्हणणारं एकच माणूस होतं. तिची ताई.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघायची, कानामागे टोचत असेल तर काडी वाकवून द्यायची. दोघींचा गळा एकाच साच्यातला, फोनवर आईसुद्धा फसायची. लहानपणी दोघी एकत्र गायच्या तेव्हा पाहुणे कौतुक करायचे ते ताईचं. पण ताईने गाणं मनावर घेतलं नाही, निदान घरात सगळे तसंच धरून चालले होते.

आता टिटवीला जिथे तिथे काहीतरी दिसायला लागलं. मध्यंतरी ताई घसा बरा नाही म्हणून सारखं कोमट पाणी पीत होती. फोन आला की गॅलरीत जायची. टिटवीने एकदा सहज विचारावं तसं विचारलं, दादांचा तुला कधी फोन येतो का गं? मला कशाला येईल, असं म्हणून ताई फ्रीज उघडून उगाचच आत बघत उभी राहिली.

स्वतःच्या सख्ख्या बहिणीवर आपण पाळत ठेवतोय याची टिटवीला लाजही वाटत होती. पण मन ऐकत नव्हतं. एक ओळ बदलली, तर बाकीच्या कशावरून तिच्याच असतील? ती कच्ची गाणी कानाला लावून बसायची आणि एकेक शब्द तपासायची. शेवटी तिला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागला.

मग तिने ताईला स्टुडिओ दाखवायला नेलं. तू एकदाही आली नाहीस, असा लाडिक हट्ट केला. ताईने दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा निघाली. स्टुडिओच्या बाहेरचं जाड दार नवख्या माणसाला उघडत नसे. ढकलून, ओढून लोक घामाघूम व्हायचे. टिटवी मुद्दाम बुटाची नाडी बांधत मागे राहिली. ताईने बोलता बोलता दाराची मूठ वर उचलली, खांद्याने हलकासा धक्का दिला आणि दार उघडलं.

मागून काही आवाज येईना म्हणून ताई वळली आणि टिटवीचा चेहरा बघून तिला काय झालं ते समजलं.

“कितीदा आलीस?” टिटवीने विचारलं.

“दोनदा.” ताई दाराला टेकली. “तूच सांगितलंस ना पण? म्हणजे, दादा तसं म्हणाले.”

दादांनी ताईला फोनवर सांगितलं होतं की टिटवीला ती ओळ जमत नाही, तिचीच इच्छा आहे तू गावंस, पण तिला तोंडाने मागायला जड जातंय, तेव्हा तू विषयही काढू नकोस.

“आणि तुला हे पटलं?”

“पटवून घेतलं,” ताई म्हणाली.

आत दादांनी काहीच नाकारलं नाही. ऐकणारा गाणं ऐकतो, गळा कोणाचा ते बघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. टिटवी म्हणाली, एक तर कव्हरवर ताईचं नाव टाका, नाही तर तिचा आवाज काढा. नाव टाकलं तर पहिल्याच अल्बमला लोक भलते प्रश्न विचारतील, कंपनी ऐकणार नाही, असं दादांनी सांगितलं. तेव्हा ताई हळूच म्हणाली, “नाव नको मला. आवाज तेवढा राहू दे.”

टिटवी सगळ्या गोष्टींसाठी तयार होऊन आली होती, याच्यासाठी नव्हती. ताई आपल्यासाठी गायली असेल, दादांच्या भिडेने गायली असेल, असं तिने धरलं होतं. ताईला गायचं होतं म्हणून ती गायली, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, राहू द्यावं. पण मग रोज स्टेजवर आपण तीच ओळ गाताना लोक आपल्यात ताईचा आवाज शोधतील, हे तिला दिसलं. तिने आवाज काढायला लावला. गाणं दोन सूर खाली आणून तिने पुन्हा गायलं. तिचं काम संपेपर्यंत ताई बाहेर पायऱ्यांवर बसून राहिली, आणि घरी जाताना टिटवीच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

अल्बम आला आणि बरा चालला. लोकांनी दुसरं गाणं उचलून धरलं. पाचव्याबद्दल कोणी चांगलं-वाईट काहीच बोललं नाही. दादांबरोबर टिटवीने पुन्हा काम केलं नाही. ताई हळूहळू पूर्वीसारखी बोलायला लागली. दुकानात अल्बम लावून गिऱ्हाइकांना ‘ही माझी बहीण’ म्हणून सांगायची.

एकदा दोघी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. टिटवीने विचारलं, “तुझ्या आवाजातली ती ओळ दादांनी तुला दिली का गं? ठेवलीयस का कुठे?”

“छे, मी काय करू तिचं,” ताई म्हणाली, जरा जास्तच चटकन.

टिटवीने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि पुढे काही विचारलं नाही.